गल्ला आणि खिसा

सांगलीच्या कापडपेठेतील आमचे दुकान आजोबांनी मांडलेले. 2005 साली कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, तेव्हा ते भिंतीवर कुठवर चढले होते याची खूण वडिलांनी तांबड्या रंगाने करून ठेवली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाऊस थांबेना, तेव्हा मी, मुलगा आणि दोन नोकर अशा चौघांनी रात्रभर खपून निम्मा माल ओळखीच्या एका माडीवर हलवला आणि उरलेला त्या खुणेच्या वर दीड हात चढवून ठेवला. वडिलांच्या खुणेवर विश्वास ठेवून निश्चिंत मनाने घरी गेलो. आयर्विन पुलाजवळची पातळी त्या वेळी 57 फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर शटर वर केले, तेव्हा साड्यांचे गठ्ठे फुगून फळ्यांतून बाहेर आले होते आणि तांबडी खूण चिखलाच्या थराखाली कुठे होती ते शोधावे लागले.

विमा होता, हा मोठा आधार वाटत होता. पंधरा लाखांचा विमा आणि चौदा लाखांचे नुकसान. म्हणजे भरपाई पूर्ण मिळणार, असा माझा साधा हिशेब. पाहणीला आलेल्या सर्व्हेअरने शांतपणे विचारले, "पुराच्या दिवशी एकूण माल कितीचा होता?" वाचलेला धरून तीस लाखांचा, असे मी काहीशा अभिमानानेच सांगितले. त्यावर त्यांनी समजावले, की तीस लाखांच्या मालावर पंधरा लाखांचा विमा म्हणजे निम्माच विमा, आणि निम्म्या विम्यावर नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळते. माल वाढत गेला, पण विम्याची रक्कम मी दरवर्षी डोळे मिटून तीच ठेवली होती. हप्त्यातले दोनचार हजार वाचवण्याच्या नादात सात लाख गेले. मिळालेले सात लाख, माल बँकेकडे तारण असल्याने, थेट बँकेच्या खात्यात वळते झाले. आपल्यापैकी ज्यांची दुकाने आहेत त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी आपल्या विम्याची रक्कम पाहून यावी. लेख कुठे जात नाही.

त्या दिवाळीत नवा चोपडा उघडला. शुभ-लाभ लिहिले, पूजन झाले, आणि रात्री सारे झोपल्यावर त्याच चोपड्याच्या शेवटच्या पानावर मी पहिल्यांदा सर्व देणी एका खाली एक लिहिली. बँकेचे कॅश क्रेडिट अठरा लाख. सुरत आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांचे साडेनऊ लाख. ओळखीपाळखीत उचललेले हातउसने पाच लाख, शेकडा दीड रुपयाने, म्हणजे महिन्याला साडेसात हजार नुसते व्याज. काकींची ठेव तीन लाख. आणि दोन क्रेडिट कार्डांवरचे एक लाख साठ हजार, ज्यात एक रक्कम अशी होती की तिचा उल्लेख पुढे येईल. एकूण 37 लाख 10 हजार. हा आकडा डोक्यात सुटा सुटा तरंगत होता तेव्हा सोसवत होता. एका बेरजेत उतरल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. तरीही सांगतो, ती बेरीज दोन महिने आधी केली असती तर बरे झाले असते.

क्रेडिट कार्डांचा प्रश्न सौभाग्यवतीने सोडवला. दरमहा शेकडा साडेतीन रुपयांचे व्याज, म्हणजे महिन्याला 5,600 रुपये, हे ऐकल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी आपल्या पाटल्या काढून समोर ठेवल्या. मी म्हटले, गहाण ठेवू, सोडवून आणू. ती म्हणाली, "गहाण ठेवल्या तर त्यांचेही व्याज लिहावे लागेल. विकून टाका." आपल्या घरांत सोने विकणे अपशकुनी मानतात आणि गहाण ठेवणे चालते, व्याजाच्या दृष्टीने पाहिले तर हे उलटे आहे. पाटल्या विकल्या आणि कार्डे त्याच आठवड्यात बंद केली.

मग घरखर्चाकडे वळलो. आमच्या घराला महिना किती लागतो, असे मला कुणी विचारले असते तर मी पंचवीस हजार म्हणालो असतो. सौ. म्हणाली, तीस. खरे उत्तर दोघांनाही ठाऊक नव्हते आणि याचे कारण दुकानात होते. नोकरदाराला पहिल्या तारखेला पगार मिळतो, म्हणून त्याला आपली मर्यादा कळते. आपल्याला पहिली तारीख नसते. आपला गल्ला असतो. घरून फोन आला की गल्ल्यातून नोट जाते. पेट्रोल गल्ल्यातून, पाहुण्यांचे पेढे गल्ल्यातून, वर्गणीदार आले की गल्ल्यातून. हमालाला पन्नास रुपये देताना चिठ्ठी करणारा मी, स्वतःसाठी पाचशे काढताना पेन उचलत नव्हतो. पुस्तकात "घरखर्च" असे खाते होते, पण ते वर्षअखेरीस आमचे हिशेबनीस अंदाजाने भरत असत.

एक महिना काहीही न बदलता फक्त लिहायचे ठरवले. महिनाअखेरीस बेरीज 48,500 आली. त्यात किराणा, दूध, भाजी, वीज, आईची औषधे, मुलाची फी असे ज्याला घर म्हणावे ते 21,400. गल्ल्यातून किरकोळ म्हणून उचललेले 9,800, ज्यातील निम्म्याचे काय झाले ते आठवेना. आणि उरलेले 17,300 कशाचे, तर व्यवहाराचे. आहेर, पाकिटे, साखरपुडे, वास्तुशांती, तपस्येच्या पारण्याला जाणे-येणे, कुणाच्या नातवाचे तोंड पाहणे. एक महिना, दोन साखरपुडे, तीन लग्ने.

हे आकडे समोर असूनही मी पहिली कपात कुठे केली, ते सांगायला संकोच वाटतो. वर्तमानपत्र बंद केले. तेल हलक्या प्रतीचे आणले. दोन भाज्यांची एक केली आणि आईच्या डाळिंबांवर बोललो. त्या महिन्यात अकराशे रुपये वाचले आणि घरात तीन वेळा भांडण झाले. आई रोज सकाळी चौदा नियम धारते. आज इतकी द्रव्ये, इतकी वाहने, इतकी वस्त्रे, असे मोजून दिवस सुरू करते. जिने आयुष्यभर मोजून खाल्ले तिला मी डाळिंबे मोजून दाखवत होतो. सतरा हजारांना हात लावण्याचे धैर्य नव्हते, म्हणून अकराशेवर शौर्य चालले होते.

सौ.नेच एका रात्री विचारले, "दुकानातल्या नोकरांना तुम्ही पगार देता ना? मग तुम्हीही एक पगार घ्या. त्याच्यावर एक रुपया मिळणार नाही, असे समजा."

तसे केले. महिन्याच्या पहिल्या तारखेला किर्दीत माझ्या नावे 28,000 लिहायचे, तेवढे घरी न्यायचे आणि त्यानंतर महिनाभर गल्ल्याला हात लावायचा नाही. रिक्षाच्या वीस रुपयांसाठीही नाही. गल्ल्यावर मुलाला बसवले. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या मित्रासाठी चहा-फराळ मागवायला मी दोनशे रुपये मागितले, तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, चिठ्ठी?" मित्र हसला, मीही हसलो, आणि पैसे खिशातून दिले. त्या क्षणी मला कळले की गल्ल्यातले दोनशे आणि खिशातले दोनशे यांचे वजन वेगळे असते.

व्यापाऱ्यांना पत्रे लिहिली. कुणाला किती देणे आहे ते मान्य केले आणि दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम देईन, असे कळवून पुढच्या तारखांचे धनादेश पाठवले. एकाने माल देणे थांबवले. बाकीच्यांनी रोखीने माल देऊ म्हणून सांगितले. अनुभवाने सांगतो, देणेकरी छोट्या रकमेवर रागावत नाही, तो तारीख चुकण्यावर रागावतो.

आणि तारीख चुकली. फेब्रुवारी 2020 मध्ये धाकट्या बहिणीच्या मुलाचे पुण्यात लग्न होते. मामाकडचा मायरा म्हणजे आपल्याकडे लग्नमंडपातली एक परीक्षाच. सारी बिरादरी ताटे मोजत असते. माझ्या हाती त्यासाठी काहीच नव्हते. लग्नाच्या चार दिवस आधी, मुलगा बाहेर गेला असताना मी दुकानातून 45,000 उचलले. मायरा थाटात झाला. आठ दिवसांनी इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याला दिलेला धनादेश न वटता परत आला आणि पाठोपाठ सुरतेचा. आमच्या पेढीचा कागद आजोबांच्या काळापासून कधी परत आला नव्हता. फोनवर क्षमा मागताना तो व्यापारी काही वाईट बोलला नाही. "शेठ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढेच म्हणाला.

हे बहिणीला पुढे कधीतरी कळले. ती रडली, पण माझ्या कर्जासाठी नव्हे. "मला आधी सांगितले असतेस तर मी सासरी सांभाळून घेतले असते. तू मला ती संधीच दिली नाहीस," असे तिचे म्हणणे होते. मला वाटत आले होते की मी तिची लाज राखली. तिला वाटले, मी तिला परके केले. त्यानंतर व्यवहारासाठी पगारातूनच महिन्याला चार हजार एका पत्र्याच्या डब्यात वेगळे पडू लागले. निमंत्रण आले की आधी डबा पाहायचा. डब्यात असेल तर पाकीट. नसेल तर आशीर्वाद द्यायला दोघांपैकी एकाने जायचे आणि जेवून यायचे.

महिन्याभरात टाळेबंदी आली. दुकान बंद, लग्नसराई बुडाली. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना आणि व्याजाला सवलतीची मुदत दिली, ती मी घेतली. पण त्या काळात व्याज चढतच राहते हे नीट वाचले नाही आणि ऑगस्टअखेर ते पाहून चपापलो. एक गोष्ट मात्र त्या दिवसांनी दाखवून दिली. लग्ने पन्नास माणसांत झाली. आम्ही कुठेही गेलो नाही, पाकिटे फोनवरून गेली, तीही लहान; आणि कुणाशीही आमचे नाते तुटले नाही. दरमहा सतरा हजारांचा जो व्यवहार मोडला तर समाजातून उठू असे वाटत होते, तो सहा महिने बंद होता आणि कुणी विचारलेही नाही.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा पेठेत आले. या वेळी सगळा माल माडीवर हलवला होता आणि विमा पूर्ण रकमेचा होता. फर्निचर गेले, माल वाचला.

आता काकींविषयी. त्या माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाच्या पत्नी. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. काकांच्या पश्चात त्यांची रक्कम त्यांनी आमच्या पेढीवर ठेवली आणि शेकडा बारा आण्याने दरमहा 2,250 रुपये व्याज त्यांना घरपोच जात असे. ते मी एकही महिना चुकवले नाही, पुराच्या महिन्यातही नाही, आणि त्याचा मला थोडा अहंकारही होता. गणिताने पाहिले तर काकींचे व्याज सर्वांत कमी, म्हणून त्यांचे मुद्दल सर्वांत शेवटी फेडायचे. शेकडा दीडवाले आधी, व्यापारी आधी. माझ्या कागदावर हा क्रम निर्दोष होता.

त्या पावसाळ्यानंतर काकी दुकानात आल्या. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्या. उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायला हवेत. तुला अडचण नसेल तर चाळीस हजार मिळतील का? घाई नाही."

स्वतःचे पैसे त्या कर्जदारासारख्या मागत होत्या. आणि माझ्याजवळ ते नव्हते. दोन हप्त्यांत दिले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झाली, दुसऱ्याची दीड महिन्याने. त्या दीड महिन्यात त्या एका डोळ्यावर काळा चष्मा आणि दुसऱ्यावर मोतीबिंदू घेऊन मंदिराच्या पायऱ्या चढताना मला दिसत. माझ्या क्रमातली चूक मला तेव्हा उमगली. व्याजाचा दर मी मोजला होता, पण मागणाऱ्याचा आवाज किती मोठा आहे तेही नकळत मोजले होते. जो फोन करून दरडावतो तो वर, आणि जो काही बोलत नाही तो तळाशी. त्याच वर्षाअखेर काकींच्या नावे बँकेत वेगळे खाते उघडले आणि जानेवारी 2022 पासून दरमहा दहा हजार त्यात भरू लागलो. त्यासाठी शेकडा दीडवाल्यांची फेड लांबली, थोडे व्याज जास्त गेले. जाऊ दिले.

त्या वर्षीचे पर्युषण दोन वर्षांच्या निर्बंधांनंतरचे. उपाश्रय भरून गेला होता. महावीर जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्नांच्या बोल्या सुरू झाल्या. पाचवे स्वप्न फुलांच्या माळेचे. ती बोली आमच्या घराण्याची, असे गावात सर्वांना ठाऊक. 2019 चे पर्युषण महापुरानंतर तीन आठवड्यांनी आले होते. दुकानातला चिखल पुरता सुकला नव्हता, तरी मी ती बोली 31 हजारांवर घेतली होती, कारण न घेतली तर पेठेत बोलले जाईल, हे बुडाले म्हणून. देवद्रव्य थकवू नये, म्हणून ते पैसे क्रेडिट कार्डावर रोख उचलून भरले होते. मघाशी ज्या रकमेविषयी बोललो, ती ही. भगवंताच्या स्वप्नाची माळ मी शेकडा साडेतीन रुपयांच्या उधारीवर घेतली होती आणि ती फिटली पत्नीच्या पाटल्यांतून.

आता पुन्हा ती बोली आली. बोली पुकारणाऱ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिले आणि क्षणभर थांबले. भगिनींच्या बाजूला तिसऱ्या ओळीत आई बसली होती, आणि तिच्या शेजारी काकी. त्यांचे एक लाख ऐंशी हजार अजून माझ्याकडे होते. मी जी काही रक्कम बोललो असतो ती माझी नव्हती, हे सभागृहात फक्त मला आणि त्यांना ठाऊक होते. मी मान खाली घातली. ते थांबणे फार तर तीन-चार श्वासांचे असेल. मग मागून कुणीतरी आवाज दिला आणि बोली पुढे गेली. एका तरुण व्यापाऱ्याने घेतली. त्याच्या लहान मुलीने माळ हातात धरली.

घरी आल्यावर आईसमोर जाण्याचे मी टाळत होतो. तिनेच हाक मारली. "तुझ्या वडिलांनीही तीन वर्षे घेतली नव्हती," ती म्हणाली. "बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा. गिऱ्हाईक कापड कशाला घेईल? पेढीवर लोकांच्या ठेवी होत्या. तू तेव्हा सात-आठ वर्षांचा. तुला कुठले आठवणार."

मला खरोखरच आठवत नव्हते. त्या वर्षांचे चोपडे पुरात गेले होते, त्यामुळे पडताळूनही पाहता आले नाही. माझ्या आठवणीतले वडील दरवर्षी माळेची बोली घेत, आणि त्या आठवणीला साजेसे राहण्यासाठी मी चिखलात उभे राहून 31 हजार बोललो होतो.

हातउसने त्या दिवाळीनंतर संपले. व्यापाऱ्यांचे त्याच्या पुढच्या वर्षी. बँकेचे अठरा लाखांवरून सात लाखांवर आले आहे आणि ते अजून आहे. पगार आता 34,000 आहे, कारण महागाई वाढली. पण तो पहिल्या तारखेलाच मिळतो.

काकींची उरलेली रक्कम, दोन लाख साठ हजार, फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्ण झाली. पासबुक घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "आता हे मी कुठे ठेवू? तुझ्याकडेच राहू दे." पुन्हा ठेवून घेण्याचा मोह झाला नाही असे म्हणणार नाही, भांडवल कुणाला नको असते? पण दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन टपाल कार्यालयात गेलो आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा अर्ज भरला. खिडकीवरच्या मुलीने सांगितले, व्याज 8.2 टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होईल, 5,330 रुपये.

काकींनी दोन्ही डोळ्यांनी तो आकडा नीट पाहिला. मनाशी काही पुटपुटल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्याकडे 5,850 पडत होते. तिमाहीला पाचशे वीस रुपये कमी."

मी "हो" म्हटले. त्यांनी सही केली.